तिसरी उसळी : झोताच्या वाऱ्यातले एक प्रशिक्षण लँडिंग

विमान थांबले तेव्हा ते धावपट्टीच्या डाव्या कडेपासून वीसएक मीटर बाहेर, गवतात होते. नाक जमिनीला टेकलेले, शेपूट वर, पुढच्या चाकाचा पाय मोडून पोटाखाली दुमडलेला. प्रॉपेलरची दोन्ही पाती टोकाशी पुढच्या बाजूला वळली होती. प्रशिक्षकांनी मिक्श्चर ओढून बंद केले, फ्यूएल शटऑफ ओढला, इग्निशन आणि मास्टर स्विच बंद केले आणि दोघे बाहेर पडले. कोणालाही इजा झाली नाही. चाके पहिल्यांदा टेकल्यापासून विमान थांबेपर्यंत सगळे मिळून दहा-बारा सेकंद गेले असतील.

हा प्रसंग एखाद्या ठरावीक विमानाचा नाही. झोताच्या, म्हणजे मध्येच अचानक जोर धरणाऱ्या वाऱ्यात उतरण्याचा सराव करताना हलकी विमाने ज्या क्रमाने मोडतात, तो क्रम सलग उलगडता यावा म्हणून तो बांधला आहे. विमानाचे आकडे मात्र सेसना १७२एस या एका इंजिनाच्या हलक्या विमानाचे आहेत आणि वाऱ्याचे गणित कोणीही कागदावर पडताळू शकेल.

उड्डाण सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) आणि लँडिंगच्या सरावाचे होते. डाव्या आसनावर चौदाएक तासांचा अनुभव असलेली प्रशिक्षणार्थी, उजव्या आसनावर प्रशिक्षक. तिची आधीची बहुतेक लँडिंग सकाळच्या शांत हवेत झाली होती, हे उड्डाण दुपारचे होते. पहिली दोन सर्किट ठीक झाली. पहिले लँडिंग प्रशिक्षकांनी करून दाखवले, दुसरे तिने केले, थोडे दणकन पण सरळ. तिसऱ्या वेळी विमान मोडले.

वारा किती होता

निघण्यापूर्वीच्या मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामानाचा अहवाल) वारा ३२० अंशांवरून १४ नॉट, झोत २४ नॉट असा होता; नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. धावपट्टी २७, म्हणजे विमान साधारण २७० अंशांच्या दिशेने उतरते. म्हणून वारा नाकाच्या उजवीकडून ५० अंशांनी येत होता. या कोनाला आडवा घटक वाऱ्याच्या ०.७७ पट आणि समोरचा ०.६४ पट धरायचा. सरासरी वाऱ्याला आडवा घटक ११ नॉट आणि समोरचा ९ येतो. झोताला आडवा १८ आणि समोरचा १५.

ब्रीफिंगच्या वेळी फळ्यावर ११ लिहिले गेले. १७२एसच्या हँडबुकात आडव्या वाऱ्याचा प्रात्यक्षिकात दाखवलेला आकडा १५ नॉट आहे, त्याखाली ११ म्हणजे चार नॉटची सवड, असा हिशेब झाला. आमच्या मते या प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती जमिनीवरच झाली. झोताच्या वाऱ्यात फळ्यावर झोताचाच घटक लिहायला हवा, कारण चाके नेमकी कोणत्या क्षणी टेकतील ते आपण ठरवत नाही. तो आकडा १८ होता.

१५ नॉट ही कायदेशीर मर्यादा नाही, हेही नीट समजून घ्यावे. विमानाचे प्रमाणन करताना उत्पादकाला लँडिंग स्थितीतल्या स्टॉल वेगाच्या (त्याखाली पंखांची उचल तुटते) किमान २० टक्के आडव्या वाऱ्यात विमान सुरक्षित हाताळता येते हे दाखवावे लागते. चाचणीच्या दिवसांत जो वारा मिळाला आणि ज्यात विमान नीट उतरले, तो हँडबुकात येतो. हाताळणारा चाचणी वैमानिक असतो. चौदा तासांच्या हातांसाठी तो आकडा मोजलेलाच नसतो.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ येताना, टॉवरने वारा सांगितला : ३२० अंश, १२ नॉट. तिने ऐकले बारा, आणि मनातला चोवीस पुसला गेला. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत मेटारमधला वारा दहा मिनिटांची सरासरी असतो, टॉवरचा दोन मिनिटांची. झोत मेटारमध्ये येतो तो सरासरीपेक्षा कमाल वेग किमान १० नॉटने जास्त असेल तरच. म्हणजे सरासरी १४ असताना अधूनमधून २३ नॉटचा झोत येत असेल, तर मेटारमध्ये झोताचे अक्षर दिसणारच नाही. ‘१४ नॉट’ वाचून निर्धास्त होणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे. आणखी एक बारकावा : मेटारची दिशा भौगोलिक उत्तरेवरून असते, टॉवरची आणि धावपट्टीच्या क्रमांकाची चुंबकीय उत्तरेवरून. जिथे या दोहोंतला फरक मोठा असतो तिथे आडवा घटक दोनतीन नॉटने सहज हलतो.

कॉकपिटमध्ये साइन-कोसाइन कोणी करत बसत नाही. त्यासाठी घड्याळाची युक्ती पुरते. कोन १५ अंश तर पाव वारा आडवा, ३० तर अर्धा, ४५ तर पाऊण, ६० किंवा जास्त तर सगळाच. ५० अंशांना ती २४ पैकी २० नॉट सांगते. खऱ्यापेक्षा थोडे जास्त, म्हणजे चुकले तरी आपल्या बाजूनेच.

फ्लॅप आणि वेग

अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी खाली येणे, पूर्ण ३० अंश फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी फळी) आणि ६५ नॉट वेगाने झाला, रोज सकाळी होतो तसाच. १७२एसचे हँडबुक जोराच्या आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला पुरेल एवढाच कमीत कमी फ्लॅप वापरायला सांगते. इथे धावपट्टी भरपूर लांब होती, तेव्हा २० अंश पुरले असते, १० अंशही चालले असते. कमी फ्लॅप असला की चाके टेकल्यावर वाऱ्याला पकडायला कमी जागा मिळते, आणि गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) करावा लागला तर मागे घ्यायचा फ्लॅपही कमी असतो.

वेगाचा नेहमीचा हिशेब झोत आणि सरासरी यांच्या फरकाचा अर्धा भाग मिळवण्याचा आहे. २४ वजा १४ म्हणजे १०, त्याचे अर्धे ५. अप्रोच ७० नॉटला हवा होता. त्याहून जास्त नको. ‘वारा आहे, जरा जास्तच ठेवू’ म्हणून ८० घेऊन येणारा दुसऱ्या संकटाला बोलावतो. वेग १० टक्के वाढला की ऊर्जा २१ टक्के वाढते. विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि जितका वेळ तरंगते तितका वेळ पुढच्या झोताच्या तावडीत असते.

शेवटचे वीस फूट

धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकाच्या, म्हणजे उंबरठ्याच्या, उजव्या बाजूला, वारा येतो त्याच दिशेला, हँगर आणि झाडांची रांग होती. वरून वाहणारा वारा अशा अडथळ्यांच्या मागे फाटतो, भोवरे होतात आणि ते अडथळ्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत वाहत जातात. त्यात जमिनीच्या घर्षणाने खालच्या थरात वारा मुळातच मंद असतो. वीस फुटांवर विमान झोतातून बाहेर पडून या मंद, भोवऱ्यांच्या हवेत शिरले. समोरचा घटक १५ वरून ९ नॉटवर आला. जडत्वामुळे विमानाचा जमिनीवरचा वेग त्या क्षणी होता तेवढाच राहतो, पण हवेतला वेग सहा नॉटने पडतो. ६५ चा ५९ झाला.

उचल, म्हणजे पंख विमानाला वर धरतात ते बल, वेगाच्या वर्गाने बदलते. ६५ वरून ५९ म्हणजे १८ टक्के उचल गेली. विमान खाली बसायला लागते ते आसनालाच जाणवते, पोटात खड्डा पडल्यासारखे. सत्तरने आली असती तरी बसणे टळले नसते, हेही मान्य करायला हवे. सत्तरचा ६४ होऊन उचल साधारण तेवढ्याच टक्क्यांनी घटली असती. मात्र ६४ नॉटला स्टॉलपासून अंतर जास्त राहते, एलिव्हेटरला (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी फळी) धार असते आणि बसणे सावरायला हातात काही उरते. ते पाच नॉट त्यासाठी असतात.

अशा वेळी उपाय थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवण्याचा आहे : शंभर-दोनशे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवायचे, नाक तिथेच ठेवायचे. तिने योक (समोरचे, दोन्ही आसनांसमोर एकमेकांशी जोडलेले नियंत्रणाचे चाक) मागे ओढला. शांत हवेत शिकलेला हात हेच करतो, कारण शांत हवेत खाली बसणे आणि फ्लेअरची (टेकण्याआधी नाक हलके वर घेण्याची) वेळ होणे या दोन्हींची जाणीव सारखीच असते. नाक वर गेले आणि त्याच क्षणी पुढचा झोत आला. वेग पुन्हा ६५ च्या आसपास, त्यात आता पंखांचा वाऱ्याशी कोन जास्त. विमान आठेक फुटांवर चढले. याला बलूनिंग म्हणतात. यात चाके टेकलेली नसतात, म्हणून ते उसळीहून वेगळे. आठ फुटांवर नाक वर, वेग घटत चाललेला. तिथेच पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड घेतला असता तर नोंदवहीत एक जास्तीचे सर्किट लिहून विषय संपला असता.

तिने नाक खाली दाबले.

पुढचे चाक आधी टेकले की काय होते

तीन चाकांच्या विमानात मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या थोडी मागे असतात. ती आधी टेकली की पुढचे वजन नाकाला खाली आणते, पंखांचा कोन कमी होतो, उचल जाते आणि विमान जमिनीवर बसून राहते. पुढचे चाक गुरुत्वमध्याच्या बरेच पुढे असते. ते आधी टेकले की उलटे होते : नाक वर फेकले जाते, शेपूट खाली जाते, कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडते. वेग अजून पुरेसा असल्यामुळे ते उडू शकते. यालाच पॉरपॉइझिंग म्हणतात.

हे आपोआप शमत नाही याचे कारण माणसाचा प्रतिसाद. नाक वर जाताना दिसते, हात योक पुढे ढकलतो, पण डोळा ते हात ते एलिव्हेटर या प्रवासात अर्धाएक सेकंद जातो. तेवढ्यात नाक आपणहून खाली यायला लागलेले असते आणि ढकललेला योक त्याला अजून खाली नेतो. पुढचा धक्का आधीच्यापेक्षा जोराचा. सावरण्याचा प्रत्येक प्रयत्न झोका वाढवतो. पाळण्याला चुकीच्या क्षणी धक्का दिला तर तो थांबतो, इथे मात्र प्रत्येक धक्का अगदी नेमक्या क्षणी बसतो.

जोर किती, तेही मोजू. हलक्या विमानाचा लँडिंग गिअर किती उतरत्या वेगाला टिकावा यासाठी प्रमाणनात सूत्र आहे : पंखाच्या दर चौरस फुटामागे जेवढे पौंड वजन, त्याचे चौथे मूळ, गुणिले ४.४. १७२एसचे कमाल वजन २,५५० पौंड आणि पंख १७४ चौरस फूट, म्हणजे सुमारे १४.७. उत्तर येते सेकंदाला ८.६ फूट, मिनिटाला सव्वापाचशेच्या आत. विमान नुसते खाली सोडले तर एवढा वेग अवघ्या चौदा इंचांच्या उंचीवरून येतो. आता आठ फुटांवरून पाचव्या हिश्शाने कमी उचल घेऊन विमान खाली आले तर तळाशी वेग सेकंदाला दहा फूट होतो. मुख्य चाकांच्या लवचीक पोलादी पायांनी तो कदाचित झेलला असता. इथे तो पुढच्या चाकाच्या ओलिओवर (धक्का शोषणारा पाय) आला.

पहिल्या धक्क्याने विमान चारएक फूट उसळले. दुसऱ्याने त्याहून वर. तिसऱ्याला पुढचा पाय मोडला.

डावा पाय

तपशील वाचताना नजरेतून सहज निसटणारी गोष्ट ही. आडवा वारा उजवीकडून होता, म्हणून फ्लेअरमध्ये उजवा पंख खाली आणि नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायला डावा रडर (शेपटीवरची उभी, पायाच्या पेडलने हलणारी फळी) दाबलेला. हे बरोबरच होते. दुसऱ्या उसळीच्या माथ्यावर थ्रॉटल पूर्ण उघडला गेला. कमी वेगात, वर असलेल्या नाकासह पूर्ण पॉवर दिली की या इंजिनाचे विमान डावीकडे वळू पाहते, त्याला उजवा रडर लागतो. म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात डावा पाय सैल करून उजवा दाबायचा असतो. आडव्या वाऱ्यातला गो-अराउंड इथे शांत हवेतल्याहून वेगळा पडतो, आणि बहुतेक सरावात ही अदलाबदल कोणी वेगळी शिकवत नाही.

तिचा डावा पाय दाबलेलाच राहिला. नाक डावीकडे गेले, त्यात उजवीकडचा वारा विमानाला डावीकडेच ढकलत होता. तिसऱ्या वेळी चाके टेकली तेव्हा विमानाचे तोंड आणि विमान जात असलेली दिशा यांत कोन होता. पुढच्या चाकावर खालचा आणि बाजूचा असे दोन्ही भार एकदम आले. १७२ मध्ये ओलिओ पूर्ण ताणलेला असताना पुढचे चाक मध्यावर अडकते, जमिनीवर भार पडल्यावर ते पेडलशी जोडले जाते. पाय दाबलेलाच होता, त्यामुळे भार पडताच चाक डावीकडे वळले.

एका योकवर दोघांचे हात

पहिल्या उसळीनंतर प्रशिक्षक ‘पॉवर!’ म्हणाले. त्यांच्या मनात अर्थ होता गो-अराउंड. तिने ऐकले ते ‘थोडी पॉवर दे, सावर’, आणि थ्रॉटल बोटभर पुढे केला. दुसऱ्या उसळीत प्रशिक्षकांनी स्वतः थ्रॉटल पूर्ण उघडला आणि योक धरला, पण ‘आय हॅव कंट्रोल’ म्हटले नाही. तिला वाटले आपण उडवतो आहोत. दोघे एकाच योकवर, एक नाक धरून ठेवतो आहे, दुसरी झोका मोडायला ढकलते आहे. पेडल तिच्याकडेच राहिले.

प्रशिक्षकांची अडचण खरी आहे. लवकर हात घातला तर शिकणाऱ्याला चूक सावरायची संधी मिळत नाही. उशीर केला तर संधी दोघांचीही जाते. शांत हवेत ही सीमा बरीच खाली ठेवता येते, झोताच्या वाऱ्यात ती वर उचलावी लागते आणि उड्डाणाआधी बोलून ठरवावी लागते. आमचा आग्रह या तीन गोष्टींवर आहे. बलून पाच फुटांच्या वर गेला किंवा पुढचे चाक आधी टेकले, तर कोणीही चर्चा न करता गो-अराउंड. तो म्हणताना शब्द ‘गो-अराउंड’ हाच, ‘पॉवर’ नाही. आणि नियंत्रण घेताना तिन्ही टप्पे मोठ्याने : ‘आय हॅव कंट्रोल’, ‘यू हॅव कंट्रोल’, पुन्हा ‘आय हॅव कंट्रोल’. पहिले वाक्य ऐकताच शिकणाऱ्याने हात मांडीवर आणि पाय जमिनीवर घ्यायचे. पायांचे आवर्जून सांगावे लागते, कारण घाबरलेली माणसे हात सोडतात, पाय सोडत नाहीत.

गो-अराउंडचा क्रम १७२एससाठी असा : थ्रॉटल पूर्ण, घाईने नाही पण एका दमात, ट्रिम (नाकाची स्थिती आपोआप धरून ठेवणारी जुळणी) लँडिंगचा असल्याने नाक जोराने वर जाईल ते योक पुढे दाबून रोखायचे, फ्लॅप ताबडतोब २० अंशांवर, ६० नॉट, मग १० अंश, अडथळे पार झाले आणि सुरक्षित उंची मिळाली की शून्य. उसळीच्या माथ्यावर वेग ५० च्या आसपास असेल तर लगेच चढायला जाऊ नये. ३६ फुटांच्या पंखविस्ताराइतक्या उंचीच्या आत जमिनीचा परिणाम मदत करतो, तिथेच सपाट राहून वेग साठवायचा. आणि फ्लॅप ३० वरून थेट शून्यावर कधीही घ्यायचा नाही, विमान पुन्हा बसते.

डांबरावरच्या खुणा

धावपट्टीवर प्रॉपेलरने कापलेल्या आडव्या चिरा होत्या. एकापाठोपाठ एक, अंतर साधारण २८ सेंटिमीटर, डावीकडे तिरक्या होत गेलेल्या. या चिरा बरेच सांगतात. प्रॉपेलर दोन पात्यांचा, इंजिन २,४०० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ८० फटके. ८० गुणिले २८ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला २२.४ मीटर, साधारण ४३-४४ नॉट जमिनीवरचा वेग. त्यात समोरचा ९ ते १५ नॉट वारा मिळवला की हवेतला वेग ५३ ते ५९ नॉट निघतो. फ्लॅप ३० अंशांवर असताना तेवढ्या वेगात विमान उडू शकत होते. पात्यांची टोके पुढे वळणे हे इंजिन ताकद देत होते याचे लक्षण मानतात, ते याच्याशी जुळते. पॉवर दिली गेली होती, दीड-दोन सेकंद उशिरा.

चिरांच्या आधीच्या भागात टायरच्या काळ्या रेघांचे तीन पुंजके होते. पहिल्यात पुढच्या चाकाची खूण मुख्य चाकांच्या खुणांच्या आधी सुरू झालेली. ही एक खूण दिसली की बाकीचा क्रम बराचसा उलगडतो.

वर्कशॉपमध्ये

मोडलेला पाय आणि वाकलेली पाती कोणालाही दिसतात. या प्रकारच्या अपघातात न दिसणारी जागा म्हणजे फायरवॉलचा, इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याचा, खालचा भाग. पुढच्या चाकाचा भार तिथे पोचतो आणि पत्रा सुरकुततो. पेडलच्या पुढे डोके घालून टॉर्चने पाहिले तर रिव्हेट्सच्या रांगेत लाट दिसते. इंजिन माउंटच्या नळ्या, माउंट बसतो ते कोपरे आणि जमिनीचा पत्राही तपासावा लागतो. मोडतोड न होता फक्त जोरात नाकावर बसलेल्या विमानातही हे तपासायला हवे. कित्येकदा आधीच्या कोणाच्या तरी, न सांगितलेल्या लँडिंगची लाट तिथे सापडते. शिकणाऱ्याने दणका सांगितला तर त्याला रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही आणि विमान तसेच उडत राहील.

या विमानातल्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनाबाबत प्रॉपेलर जमिनीला लागला की निव्वळ पाती बदलून भागत नाही. त्यांच्या मँडेटरी सर्व्हिस बुलेटिन ५३३ प्रमाणे इंजिनाची तपासणी होते, आणि एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेचा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह २००४-१०-१४ क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या गिअरची तपासणी आणि त्याचा बोल्ट बदलणे सक्तीचे करतो. तो गिअर मॅग्नेटो आणि कॅमशाफ्टही चालवतो. तो सैल पडला तर इंजिन हवेतच बंद होते.

पुन्हा उडण्याआधी

प्रशिक्षणार्थीला थेट झोताच्या वाऱ्यातल्या लँडिंगला परत न्यायचे नाही. आधी आठ-दहा नॉटच्या सलग, झोत नसलेल्या आडव्या वाऱ्यात धावपट्टीवरून अगदी कमी उंचीने उडण्याचा सराव : फ्लॅप २० अंश, वेग ६५ ते ७०, उंची दहा फूट आणि मग पाच. उजवा पंख खाली, डावा रडर, मध्यरेषेवर, चाके न टेकवता. धावपट्टी दोन-तृतीयांश संपली की पूर्ण पॉवर, आणि पाय बदलताना मोठ्याने म्हणायचे : ‘डावा सैल, उजवा.’ एका तासात असे सहा-सात फेरे होतात. आधी प्रशिक्षकांचे पाय पेडलवर, मग पेडलच्या शेजारी. पाय आपणहून बदलायला लागले आणि तोंडाने म्हणणे मागे पडले, की चाके टेकवायला घ्यायची, आधी वाऱ्याकडचे उजवे, मग डावे, आणि पुढचे चाक विमान स्वतः खाली आणेल तेव्हा.